लिबरेटरचं मॉडेल: आधी आजोबांचं विमान शोध, मग कटर हातात घे

तुझा प्रश्न नीट दोनदा वाचला. तू खानापूरचा, आजोबा साठच्या दशकात पुण्याला लोहगावला एअरफोर्सच्या ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये फिटर होते, त्यांच्या हाताखालून बी-२४ लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बर विमानं गेलीत, आणि आता दिवाळीत त्यांची पंच्याऐंशी पुरी होताहेत म्हणून तुला १/७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) लिबरेटर करून द्यायचंय. किट घरी आलंय. आतलं काम किती करू, शेपटी खाली बसते म्हणतात त्याचं काय, आणि पावसाळ्यात चांदीचा रंग कसा बसवू असे तीन प्रश्न विचारलायस. तिन्हीची उत्तरं देतो पण त्याच्या आधी एक चौथी गोष्ट आहे जी तू विचारली नाहीस आणि बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

ती म्हणजे, तू नेमकं कुठलं विमान करणार? "लिबरेटर" हे उत्तर नाही होत बाळा. एक नंबर, एक साल, जमलं तर एकच फोटो. मी जवळजवळ पंचवीस वर्षं ही मॉडेलं करतोय, त्यातली मोठी बॉम्बर सात-आठ, आणि जी अर्धवट पडली ती सगळी ह्याच एका कारणानं पडली, की कापायला सुरुवात केली आणि मग चार पुस्तकांतले चार वेगवेगळे फोटो बघून मध्येच बदल करत बसलो.

आपल्या लिबरेटरच्या बाबतीत तर हे जास्तच. ही विमानं अमेरिकन, युद्धात १८ हजारांहून जास्त बनली, फोर्डच्या विलो रन कारखान्यात तर ऐन भरात तासाला एक बाहेर पडायचं. आपल्याकडची मात्र नवी कोरी आलेली नाहीत. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी त्यांची लिबरेटर कानपूरला चकेरीच्या डेपोत मोडीत काढून टाकली, परत कोणी उडवू नये म्हणून जाताना तोडफोड करून ठेवली, आणि १९४८ मध्ये एचएएलच्या (बेंगळूरचा विमान कारखाना) लोकांनी त्या ढिगातूनच एकाचं काढून दुसऱ्याला लावत ती उभी केली. एचएएलचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती कानपूरहून बेंगळूरला उडवत न्यायचे आणि तिथं पुढची पूर्ण दुरुस्ती व्हायची. अशी चाळीसच्या आसपास विमानं एअरफोर्सला मिळाली, नोव्हेंबर १९४८ ला त्यावर ५ नंबर स्क्वाड्रन उभं राहिलं, पुढं ६ नंबरनं ती समुद्रावरच्या गस्तीला वापरली ती थेट १९६८ च्या डिसेंबरपर्यंत. म्हणजे वीस वर्षं! आता अशी जोडून-जाडून उभी केलेली विमानं, वर वीस वर्षांची डागडुजी, त्यात दोन विमानं तंतोतंत सारखी कशी असतील सांग. टरेट (बंदुकांचा फिरता घुमट) आहे की काढलंय, बंदुका दिसतात का, पोटाखाली काय लावलंय, पत्रा उघडा आहे की रंगवलाय, हे सगळं किटच्या कागदात नाही मिळायचं, फोटोतच मिळणार. विमानावरच्या देशाच्या गोल चिन्हाचं पण तसंच, सुरुवातीला चक्राचं होतं, १९५० पासून केशरी-पांढरं-हिरवं आलं. आजोबांच्या काळातलं करायचंय म्हणजे केशरी बाहेर आणि हिरवं मध्ये.

तेव्हा पहिलं काम, आजोबांच्या ट्रंकेत ग्रुप फोटो असणारच, पाठीमागं विमान असणारच. तो मोबाईलवर नीट उजेडात काढून मोठा करून बघ. नंबर एच ई नं सुरू होतो, पुढचे आकडे अर्धे दिसले तरी चालेल. दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या एअरफोर्स म्युझियममध्ये एक लिबरेटर ठेवलंय. मी गोवा एक्सप्रेसनं गेलो होतो खास त्यासाठी, बेळगावहून बसलो की थेट निजामुद्दीन. तिथं जाऊन बाकी लोक काढतात तसा पूर्ण विमानाचा फोटो काढलो नाही मी, चाकाचा खड्डा, इंजिनाच्या खालचा भाग, पोटाचे दरवाजे, शेपटीची सांधणी असे दीडशे-दोनशे जवळून काढले. पूर्ण विमानाचे फोटो इंटरनेटवर पडलेत की.

आता आतलं काम. बघ, मोठ्या बॉम्बरमध्ये माणूस इथंच अडकतो. किटमध्ये रेडिओवाल्याचं टेबल, ऑक्सिजनच्या बाटल्या, सीटा सगळं देतात, त्यावर लोक आणखी बेल्ट, वायरी, घड्याळं लावत बसतात, तीन महिने जातात, आणि मग विमानाच्या धडाची दोन अर्धी एकत्र चिकटवली की त्यातलं नव्वद टक्के कायमचं अंधारात. मी स्वतः एका लँकेस्टर बॉम्बरच्या मॉडेलमध्ये नॅव्हिगेटरच्या टेबलावर नकाशासुद्धा केला होता, आज तो तिथं आहे हे फक्त मला माहीत. म्हणून सोपी चाचणी सांगतो. दोन्ही अर्धी टेपनं जोड, काचा टेपनं लाव, आणि बॅटरी न वापरता खिडकीच्या उजेडात बघ. जे दिसतं तेवढंच कर, ते मात्र मनापासून कर.

लिबरेटरमध्ये काय दिसतं तर नाकाच्या काचेतलं, कॉकपिटमध्ये सीटांचे माथे आणि समोरचा डॅशबोर्ड, कमरेच्या खिडक्यांतून थोडंसं, पुढच्या चाकाचा खड्डा, आणि दरवाजे उघडे ठेवलास तर बॉम्ब बे, म्हणजे पोटातली बॉम्बची जागा. माझं म्हणणं, बॉम्ब बे उघडाच ठेव. कारण ह्या विमानाचे दरवाजे इतरांसारखे खाली लोंबत नाहीत, दुकानाच्या शटरसारखे पोटाच्या बाहेरून गोल वर सरकतात, आणि मध्ये एक अरुंद फळी, जेमतेम ९ इंच रुंद, त्यावरून माणसं पुढून मागं जायची. तुझ्या स्केलला ती होते ३.२ मिमी. किटमध्ये ती बऱ्याचदा जाड असते, घासून बारीक कर किंवा प्लास्टिक शीटची नवी काप. शटरची नालीदार पट्टी करायला एक युक्ती आहे. जेवण पार्सल देतात त्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा घे, सपाट कर, बारीक दातांच्या फणीवर ठेव आणि टूथपिकच्या मागच्या टोकानं एकेका खाचेत हळू दाबत जा. पत्रा मऊ असतो, ऐकतो. मग पोटाच्या गोलाईवर वाकवून बसव. आजोबा फिटर होते म्हणतोस ना, तर त्यांची नजर पहिली तिथंच जाणार बघ, कारण माणसं आत शिरायची तीच वाट होती. मागं एकदा आमच्या टिळकवाडीतल्या एका निवृत्त एअरफोर्सवाल्या काकांना माझं मॉडेल दाखवलो, त्यांनी कॉकपिटकडं बघितलंसुद्धा नाही, उलटं करून पोटात बोट दाखवून म्हणाले, "मी ह्याच्यात शिरून काम केलोय रे." मला तेवढ्यानंच वर्षाची मेहनत वसूल झाल्यासारखं वाटलं.

आतल्या रंगाचं, कॉकपिट गडद हिरवट, बॉम्ब बे आणि मागचा भाग बहुतेक उघडा अॅल्युमिनियम. सगळं एकाच हिरव्या रंगात मारू नकोस एवढंच.

इंजिनं चार, प्रत्येकात १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगा, प्रॅट अँड व्हिटनीची ट्विन वास्प. ह्या विमानाच्या इंजिनाचं तोंड गोल नसतं, दोन्ही बाजूला हवा घ्यायच्या वाटा असल्यामुळं आडवं लांबट होतं, ते घासताना गोल करून टाकू नकोस. स्पार्क प्लगच्या वायरी करायच्या असतील तर बेळगावच्या उद्यमबागेत मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं ४० गेजची तांब्याची तार मागून घे, हातभर तुकडा दिला तरी चारी इंजिनांना पुरतो. ती ०.१२ मिमीची असते, म्हणजे खऱ्यात ९ मिमीच्या आसपास, अगदी योग्य. पुढच्या रांगेलाच लाव. मागच्या रांगेची दिसत नाहीत. बंदुकांच्या नळ्या फोटोत असतील तरच लाव, आणि प्लास्टिकच्या न लावता मेडिकलमधून २६ नंबरची नवी सुई आणून तिची लाव, टोकाला भोक आयतंच मिळतं. कापताना चष्मा घाल, तुकडा उडतो.

आता शेपटी. लिबरेटरला पुढं एक आणि पंखाखाली दोन अशी तीन चाकं, आणि मॉडेलमध्ये पुढं खऱ्यासारखं इंजिनांचं वजन नसल्यामुळं भार मागच्या चाकांच्या पाठीमागं जातं, मॉडेल शेपटीवर बसतं. खऱ्या विमानाचीसुद्धा शेपटी जमिनीला आपटू नये म्हणून तिच्याखाली आत ओढता येणारा स्किड (टेकणी) होता, म्हणजे हा स्वभाव मुळातलाच. लोक विचारतात किती ग्रॅम टाकू. मी कधीच आकडा सांगत नाही कारण तुझं किट, तू लावलेले जादा भाग, रंगाचे थर, सगळ्यानं फरक पडतो. तू मोजून काढ. सगळं विमान टेपनं जोड, इंजिनं, टरेट, शेपटी, काही सोडू नको. मुख्य चाकांचा आस जिथं येणार तिथं पंखाखाली एक पेन्सिल आडवी धर, नाकावर प्लास्टिकची छोटी पिशवी लटकव आणि त्यात एकेक वजन टाकत जा. नाक खाली गेलं की थांब, ते वजन सोनाराच्या किंवा किराण्याच्या काट्यावर मोज, आणि त्याच्यावर चौथा हिस्सा जास्त घे. फार जास्त नको, कारण ह्या विमानाचे मुख्य पाय लांब आणि काटकुळे, प्लास्टिकचे असले तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कपाटात हळूहळू वाकतात, मी बघितलोय वाकलेले. पायाच्या मधून बारीक पितळी तार घालता आली तर घालच.

वजन जितकं पुढं तितकं कमी लागतं, तराजूचा नियम. नाकाच्या टरेटच्या मागं, कॉकपिटच्या फरशीखाली, पुढच्या चाकाच्या खड्ड्याच्या बाजूला, आणि चारी इंजिनांच्या मागं पोकळीत. शिसं सर्वात चांगलं, टायरवाल्याकडं व्हील बॅलन्सिंगचे जुने तुकडे मिळतात, पण आता बरेच लोखंडी येतात तेव्हा लोहचुंबक लावून बघून घे. आणि हे नीट ऐक, शिसं फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात कधी बसवू नको. त्यातल्या आम्लानं शिसं फुलतं, पांढरी भुकटी होऊन आकारानं वाढतं आणि पाच-सहा वर्षांनी आतून नाक फोडतं. माझ्या एका बी-२५ बॉम्बरच्या मॉडेलचं नाक असंच उकललं, तेव्हा मला कारणच कळलं नव्हतं, सांधा कमजोर समजून दोनदा परत चिकटवलो. शिसं इपॉक्सीत बसव, दोन ट्यूबचं मिळतं ते, आणि चारी बाजूनं बुडव. हे झंझट नको असेल तर बेअरिंगचे स्टीलचे छर्रे घे, शिशापेक्षा हलके आहेत पण फुलत नाहीत. हात लावून झाल्यावर साबणानं धू, शिसं आहे ते.

पंखाबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगतो. डेव्हिस पंख म्हणतात त्याला, लांब आणि अरुंद, खऱ्याचा फैलाव साडेतेहतीस मीटर, तुझ्याकडं साडेशेचाळीस सेंटीमीटर. एवढा लांब पंख खांद्याला नुसत्या गोंदावर टिकत नाही, एक दिवस खाली झुकतो. आईची स्वेटर विणायची अॅल्युमिनियमची जुनी सुई घे, एका पंखातून दुसऱ्या पंखात पोटातून आरपार जाईल अशी, तिला दोन्हीकडून इपॉक्सी. सुकेपर्यंत पुठ्ठ्याचा साचा करून त्यावर ठेव, दोन्ही टोकांची टेबलापासून उंची पट्टीनं मोज. शेपटीचे दोन उभे पंखे काटकोनात पाहिजेत, कागदाचा कोपरा लावून बघितलं तरी कळतं, पण बघच, कारण लिबरेटर ओळखला जातो तो त्या दोन पंख्यांवरून.

पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या, रेषा खोल करत बसू नको. हिशेब कर, तुझ्या स्केलला माणसाचा एक केस म्हणजे खऱ्यात पाच मिमी होतो. त्यापेक्षा रुंद रेघ म्हणजे विमानाच्या पत्र्यात बोट जाईल अशी फट. पंखाच्या मागच्या कडा मात्र आतून घासून पातळ कर, किटमध्ये अर्ध्या मिमीची असते, ती खऱ्यात साडेतीन सेंटीमीटर जाडीची पडते, लाकडी फळीसारखी दिसते.

काचा. लिबरेटरला काचा भरपूर, त्यामुळं इथली एक चूक सगळं मॉडेल खाते. इन्स्टंट ग्लू काचेच्या आसपाससुद्धा नको, त्याच्या वाफेनं काच आतून धुरकट होते आणि बंद झाल्यावर पुसता येत नाही. काचेला फेव्हिकॉलच बरा (इथं शिसं नाही, म्हणून चालतो), सुकला की पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या बोळ्यानं निघतो. चौकटी रंगवायच्या आधी टेप लाव, नवीन ब्लेडनं हलक्या हातानं काप, आधी आतल्या रंगाचा एक हात मार, मग बाहेरचा, म्हणजे आतून बघितलं तरी चौकट बरोबर दिसते.

आता पावसाळ्यातला चांदीचा रंग. तुझं खानापूर म्हणजे आमच्या बेळगावापेक्षा पावसाला दुप्पट जवळ, जून-जुलैत हवा हातात पिळली तर पाणी निघेल अशी. लॅकर रंग फवारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढरी झाक येते, गाडी रंगवणारे पण ह्याच दिवसांत वैतागतात. त्यांच्याकडंच उपाय आहे, रिटार्डर थिनर माग, थोडा मिसळला की रंग हळू सुकतो आणि झाक येत नाही. मला हे खरं शिकवलं आमच्या गल्लीच्या मूर्तिकारानं. तो श्रावणात, ऐन पावसात गणपती रंगवतो की नाही, मग कसं जमतं विचारलं तर म्हणाला खोलीत आधी तासभर मोठे बल्ब लावून ठेवायचे, खोली गरम झाली की ओल कमी होते, आणि कंप्रेसरला पाण्याचा ट्रॅप पाहिजेच, दर अर्ध्या तासाला त्यातलं पाणी सोडायचं. तेवढं केलं की बास. थिनरच्या वासाचं मात्र सांभाळ, मास्क लाव, फवारताना पेटलेलं काही नको, आणि बल्ब रंगाच्या फवाऱ्यापासून लांब.

पण तुझ्याकडं दिवाळीपर्यंत वेळ आहे, तर मी असं करेन. पावसाळाभर जोडकाम, घासकाम, काचा, आणि बाहेरचा चांदीचा हात गणपती होऊन आभाळ उघडल्यावर. कारण चांदीचा रंग दोष लपवत नाही, उलट ओरडून सांगतो. सांध्यावर ४००, ८००, १०००, २००० असं पाण्यानं घासत जा, नखाला सांधा लागला नाही म्हणजे झालं. मग चकचकीत काळा बेस, तो दोन दिवस सुकू दे, मग अॅल्युमिनियमचे पातळ-पातळ हात. आणि सगळीकडं एकच चांदी नको. खऱ्या विमानाचे पत्रे वेगवेगळ्या वेळी बदललेले, त्यात आपली तर कानपूरच्या ढिगातली, म्हणून चार-सहा पॅनेल टेप लावून जरा गडद, दोन जरा फिकट असं कर. वीस वर्षं उन्हापावसात उभी असलेली विमानं ती, आरशासारखी चमकायची नाहीत, शेवटी हलका सॅटिन (अर्धवट चमकीचा) कोट मार.

धुराचे डाग लोक पंखावरून काढतात, ते लिबरेटरला चूक. ह्या इंजिनाचा धूर टर्बोत (धुराच्या जोरावर फिरून इंजिनाला जादा हवा देणारं यंत्र) जातो आणि टर्बो इंजिनाच्या घरट्याखाली, म्हणून डाग पंखाच्या खालून मागं जातो. राखाडी-तपकिरी, फार काळा नाही. तेलाचे ओघळ पण खालीच. प्रोपेलरची टोकं आधी पिवळी मार, चार इंच म्हणजे १.४ मिमीची पट्टी टेपनं झाक, मग बाकी काळं.

गोल चिन्हं किटमध्ये आपली नसणार. घरच्या प्रिंटरवर डेकल पेपरवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा कागद) छापता येतात पण प्रिंटर पांढरा छापत नाही, त्यामुळं चांदीवर केशरी मळकट दिसतो. मी गोल कापायच्या कंपासनं टेपचे मास्क कापतो आणि आधी पूर्ण पांढरी गोल तबकडी, मग केशरी, मग हिरवा असा फवारतो. शेपटीवरच्या पट्ट्यांचा क्रम फोटोत बघून लाव, अंदाजानं नको.

खर्चाचं आणि हत्यारांचं परत कधी लिहितो, आत्ता तुला एक चांगला कटर, तीन वेगवेगळ्या जाडीचे ब्रश, घासकागद, टेप आणि फवारायला कोणाचा तरी कंप्रेसर एवढं पुरे.

आणि आजोबांना अचानक द्यायचं म्हणून लपवून करणार असशील तर एवढंच सुचवतो, मॉडेल लपव, पण विमानाबद्दल त्यांना आत्तापासून विचारत राहा. कुठल्या इंजिनाचं तेल जास्त गळायचं, शिडी कुठं लावायचे, पोटाखाली कुठं डोकं आपटायचं. सगळं वहीत लिहून घे. फोटोत न दिसणारी गोष्ट त्यांच्याकडून एक जरी मिळाली तरी ती मॉडेलवर घाल. नंबर मिळाला आणि टेपवर जोडून नाकाचं वजन किती निघालं ते कळलं की मला कळव, वजन कुठल्या पोकळीत किती बसवायचं ते तुझ्या किटचे फोटो बघून सांगतो.